खुंटीवरच्या गाठी

"दहा रुपये!" शालिकराम ओरडला.

"दोन," वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले.

"बरं, आठ!"

"दोन."

"बाबा, हे काही बरोबर नाई हं!" पुष्पलता कळवळून म्हणाली. "लकडगंजात दरवाज्याचं लाकूड घेताना तुम्हीच सांगितलं होतं ना, एक जण खाली उतरला का दुसऱ्यानं वर चढा लागते म्हणून!"

"तो बाजार होता. हे घर आहे."

"मंग घरात कायले इतकी घासाघीस करून राहिले?" स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, आणि सगळे पोट्टे खो खो हसले.

वाद होता आनंदमेळ्याच्या खर्चाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कस्तुरचंद पार्कवर मोठा आनंदमेळा लागला होता. आकाशपाळणा, मौत का कुआ, पोट वाकडं करून दाखवणारे हसरे आरसे, आणि यंदा तर छोटी आगगाडीसुद्धा! येत्या शनिवारी संध्याकाळी, मेळ्याच्या शेवटच्या दिवशी, सगळं घर तिथं जाणार होतं. प्रश्न एवढाच होता की प्रत्येक पोराच्या हातात पैसे किती द्यायचे.

बाबांचं म्हणजे मधुकररावांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मागच्या वर्षी तेरा वर्षांच्या शालिकनं सगळे पैसे एका फटक्यात रिंगा फेकण्यात उडवले, एक गुलाबी साबणदाणी जिंकली आणि उरलेली संध्याकाळ ती छातीशी धरून कठड्याला टेकून काढली. धाकटा ईश्वरदास, म्हणजे इशू, यानं सगळ्या पैशांचे बर्फाचे गोळे खाल्ले आणि त्याचा आवाज आठवडाभर बसला. (त्या आठवड्यात घर फार शांत होतं, असं आई अजून सांगते.) आणि पुष्पलता? तिनं एकही पैसा खर्च केला नाही. हे नको, ते महाग, पुढे आणखी चांगलं असेल, असं करत करत मेळा संपला, आणि मुठीतले पैसे तसेच घेऊन ती घरी येऊन रडली.

"एकाला खर्च करता येत नाही, एकाला थांबता येत नाही आणि एकीला सुरुवातच करता येत नाही," बाबा म्हणाले. बाबा सरकारी कचेरीत होते. नियम सांगायची वेळ आली की ते एकदम पुस्तकातल्यासारखे शुद्ध बोलायला लागत, आणि मग घरातल्या सगळ्यांना कळे की आता काही खैर नाही. "म्हणून यंदा मी एक योजना आखली आहे!"

त्यांनी कोनाड्यातून एक जुनी पिशवी काढली. तिच्यात रंगीत सुताच्या लडी होत्या. आबाजींचा, म्हणजे बाबांच्या वडलांचा, माग होता तेव्हाचं हे सूत.

"प्रत्येकाला एक धागा मिळेल. धाग्याला आठ गाठी. एक गाठ म्हणजे आठ आणे. पैसे राहतील तुमच्या आईजवळ. खर्च करायचा असेल तेव्हा आईला गाठ दाखवायची, आई ती गाठ कापणार आणि आठ आणे देणार. आजपासून शनिवारपर्यंत गोळा खा, कुल्फी खा, काय वाटेल ते करा. पण सगळं त्या आठ गाठींतूनच! गाठ आहे तर पैसा आहे. गाठ नाही, तर पैसा नाही. हरवली, सुटली, उंदरानं खाल्ली, काहीही ऐकून घेतलं जाणार नाही!"

"म्हंजे चार रुपये!" पुष्पलतानं लगेच हिशोब केला. दोनावरून चारावर! चौघांनीही एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले.

हो, चौघांनी. चौथी होती गोपिका. बाबांचे मित्र रामाजी यांची नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग होती. दिवाळीत ही पोरं तिकडं संत्री खायला जात आणि उन्हाळ्यात त्यांची मुलगी गोपिका इकडं येई. अकरा वर्षांची, सडपातळ, आणि बोलायला लागली की मोटरपंपासारखी. तिनं झाडं, विहिरी, बैल सगळं पाहिलं होतं. आकाशपाळणा मात्र पाहिला नव्हता.

"थो असते कसा?" तिनं विचारलं.

"विहिरीवरचा रहाट असतो ना, तसाच," पुष्पलता म्हणाली. "फक्त बादल्यांच्या जागी माणसं!"

"मायबाई!" गोपिकाचे डोळे मोठे झाले. "मंग मी बसतोच! एकदम टोकावर! शाल्या, तू बसशीन ना माह्यासंगं?"

"आकाशपाळणा लहान पोट्ट्यांसाठी असतो," शालिक म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. ते का झाले हे इशूला पक्कं माहीत होतं. पण शालिकनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गप्प बसला.

शालिकनं हिरवा धागा घेतला, पुष्पलतानं पिवळा, इशूनं लाल आणि गोपिकानं निळा. चौघांनी ते गळ्यात घातले आणि लाखाचे मालक असल्यासारखे घरभर फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून आईची किंकाळी आली. इशू धाग्यासकट अंघोळीला बसला होता, त्या लाल सुताचा रंग उतरला होता आणि पोराच्या छातीवरून लालभडक ओघळ वाहत होते!

"आता गळ्यात कोणी काही घालाचं नाई!" धडधडती छाती सावरत आईनं हुकूम सोडला. "माहा जीव गेला असता!"

मग बाबांनी व्हरांड्यातल्या भिंतीत एक नवी खुंटी ठोकली आणि धागे तिच्यावर टांगायचं ठरलं. भिंतीला रिकामी जागा एकच होती, आबाजींच्या बाजेच्या अगदी वर. तिथंच ती ठोकली.

गोपिकानं मात्र आपला धागा वेणीत गुंफून टाकला. "आमच्या इकडं खुंटीवरची वस्तू उंदीर नेते," ती म्हणाली. "वेणीतून नेऊन दाखव म्हणा!"

व्हरांडा म्हणजे आबाजींचं राज्य. आबाजींचं नाव नत्थूजी. सारा जन्म त्यांनी जुन्या शहरात हातमागावर लुगडी विणली. बाबांनी प्रतापनगरात हे घर बांधलं तेव्हा माग इथं आणायला जागाच नव्हती, म्हणून तो विकला. तेव्हापासून आबाजी फारसे बोलत नसत. दुपारी दाराच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताटीवर पाणी शिंपडायचं आणि ताटीमागच्या गार अंधारात बाजेवर बसून राहायचं, एवढंच त्यांचं काम. मेळ्याला चला म्हटलं तर म्हणत, "म्हाताऱ्यानं मेळ्यात जाऊन काय करावं, बाप्पा? तुम्ही या जाऊन."

बुधवारी संध्याकाळी गल्लीत गोळेवाल्याची घंटा वाजली. शालिक दोन उड्यांत व्हरांड्यात गेला आणि तिथूनच ओरडला, "अबे, माह्या गाठी कुठी गेल्या?"

हिरव्या धाग्याला आठ गाठी होत्या. आता पाच होत्या! त्यानं एकही खर्च केली नव्हती.

"बाबा, कोणीतरी माह्या गाठी सोडल्या!"

"गाठ नाही, तर पैसा नाही," बाबा आरामखुर्चीतून म्हणाले. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"पण बाबा, पहा तं खरं!"

"नियम म्हणजे नियम!"

गुरुवारी पुष्पलताच्या धाग्याच्या निम्म्या गाठी गेल्या. शुक्रवारी तर इशूचा लाल धागा सरळ, सपाट, नुसता धागा होऊन लोंबत होता. एकही गाठ नाही! इशूनं असा काही गळा काढला की शेजारची दोन कुत्री भुंकायला लागली.

"माही आगगाडी गेली! माहे आरसे गेले! सगळं गेलं!"

शालिकनं भुवया आवळल्या. चौघांपैकी तिघांच्या गाठी गेल्या होत्या. चौथीच्या?

"गोपिके, वेणी दाखव."

गोपिकानं वेणी पुढे घेतली. निळ्या धाग्याला आठच्या आठ गाठी टपोऱ्या दिसत होत्या.

"पाहा!" शालिक म्हणाला. "आमच्या जाऊन राहिल्या आणि हिच्या जशाच्या तशा! आणि खुंटीवर ठेवत नाई म्हणते! काहून ठेवत नाई? हिले माहीत होतं म्हणून!"

गोपिकाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. एरवी एका शब्दाला दहा शब्द सुनावणारी ती पोरगी गुपचूप आत गेली आणि आपली कापडी थैली भरायला लागली.

"मी उद्याच्या सकाळच्या एसटीनं घरी जातो," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती ते पुसत नव्हती. "नाई पाहाचा मले तुमचा आकाशपाळणा. आमच्या घरी विहीर हाय."

पुष्पलताला फार वाईट वाटलं. दिवाळीत यांच्या बागेत आपण झाडावरची संत्री तोडून तोडून खातो, आणि आपल्या घरी हिच्यावर चोरीचा आळ! तिनं थैली ओढून घेतली आणि त्यावर बसली.

"कोणी कुठी जाणार नाई! शाल्या, तुले डोकं आहे का नाई? गाठ सोडून चोराले काय मिळन, सांग!"

"काय म्हंजे? पैसे!"

"कसे? आईले गाठ दाखवली तरच पैसे मिळतेत. सुटलेली गाठ कोण घेते? कोणाच्या हाती काहीच येत नाई! आणि गोपिकेच्या गाठी आठच आहेत, नऊ नाई झाल्या!"

हे शालिकच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आणखी एक," पुष्पलता म्हणाली. तिनं आपल्या पिवळ्या धाग्याची एक गाठ शालिकसमोर धरली. "सोडून दाखव."

शालिकनं नखं लावली. दात लावले. इशूनं सुई आणून दिली. शेवटी गाठ सुटली खरी, पण धागा चावलेल्या दातवणासारखा झाला.

"आता इशूचा धागा पाहा," पुष्पलता म्हणाली. लाल धागा कसा गुळगुळीत होता. गाठ होती कुठे हेही कळत नव्हतं. "हे आपल्यापैकी कोणाचं कामच नाई. दुसरंच कोणीतरी आहे, आणि त्याले पैसे नको आहेत!"

"भूत!" इशू म्हणाला आणि बहिणीला चिकटला.

"भुताले कायले पाहिजे गाठी?" गोपिका म्हणाली. ती जराशी हसली. मग तिनं डोळे पुसले आणि एकदम उठून बसली. "मी सांगू? आमच्या बागेत संत्री कोण चोरते पाहाले बाबानं फाटकाले डांबर लावलं होतं. दुसऱ्या दिवशी चोराचे हात काळे! तसंच करू. माह्या निळ्या धाग्याले कपड्याची नीळ चोळू. निळ्यावर निळी दिसनच नाई कोणाले. ज्यानं हात लावला त्याचे बोटं निळे!"

"वा वं गोपिके!" पुष्पलतानं टाळी दिली.

शालिक अजून घुटमळत होता. चूक कबूल करणं त्याला गोळा गिळण्याइतकं सोपं नव्हतं. "आणि हिनं सोताच हात धुवून टाकले तं?" तो पुटपुटला.

"तं मले बांधून ठेव!" गोपिका गरजली.

शनिवारी दुपारी खरोखर तसंच झालं. बाहेर ऊन रणरणत होतं. शनिवारची अर्धी सुट्टी म्हणून बाबा कचेरीतून येऊन, जेवून घोरायला लागले होते. आईसुद्धा लवंडली होती. गोपिकाचा निळा धागा, पुडाभर नीळ चोळून, खुंटीवर टांगला होता. बाकीचे धागे इशूच्या उशीखाली. आणि पुढच्या खोलीत चौघं जण सतरंजीवर पडून पहारा देत होते. गोपिकाच्या मनगटाला बांधलेल्या सुतळीचं दुसरं टोक शालिकच्या पायाच्या अंगठ्याला होतं. ती हलली की अंगठा ओढला जाणार!

"मी नाई झोपत," इशूनं जाहीर केलं, आणि सगळ्यात आधी तोच घोरायला लागला.

"शू! कोणी झोपाचं नाई!" पुष्पलता कुजबुजली. खसचा गार वास दाराखालून येत होता. ताटीवर पाणी शिंपडल्याचा सपसप आवाज आला. मग पंख्याची घरघर. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी पहारा देणारे आजवर कुणी जागे राहिले आहेत काय? पाच मिनिटांत चारही पहारेकरी गाढ झोपले.

आईच्या चहाच्या भांड्यांनी पुष्पलता दचकून उठली. "अगाई! उठा! उठा!"

सगळे व्हरांड्याच्या दाराकडे धावले. शालिक आणि गोपिका सुतळीसकट धावले, त्यामुळे दोघंही उंबऱ्यावर आपटले. पण खुंटीकडे पाहताच पडण्याचं भानच राहिलं नाही.

निळा धागा सरळ होता. एकही गाठ नव्हती! आबाजीही बाजेवर नव्हते. मागच्या अंगणात त्यांच्या खाकरण्याचा आवाज येत होता.

शालिकनं धाग्याकडे पाहिलं. मग आपल्या अंगठ्याकडे. सुतळीची गाठ जशी बांधली होती तशीच होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गोपिके," तो खाली बघत म्हणाला, "तू नाई वं. चुकलं माहं."

"मी तं पयलेपासून सांगून राहिली होती!" गोपिका म्हणाली. "आता सुतळी सोड, आणि चोर पकड!"

शालिकला तेवढंच हवं होतं. त्यानं छाती पुढे काढली आणि तपासणी सुरू केली. पहिला मान बाबांचा.

"बाबा, हात दाखवा!"

"मी काय तुझ्या शाळेत आहे?" डोळे चोळत बाबा म्हणाले. पण हात पुढे झाला, आणि चौघांनी एकदम श्वास रोखला. बाबांचं बोट निळं होतं!

"बाबा! तुम्ही?"

"शाई आहे ती! कचेरीतली! पेन गळतो माझा!"

वास घेऊन पाहिला. शाईच होती. फौज स्वयंपाकघरात घुसली.

"आई, हात दाखव!"

आईनं दोन्ही हात पुढे केले. दहाच्या दहा बोटं निळसर!

"आईच!" इशू किंचाळला.

"काय आईच? सकाळी धोतरं, सदरे कोणं धुतले? ते काय आपोआप पांढरे होतेत? आणि माहा निळीचा पुडा कोणं रिकामा केला, ते सांगा आधी!"

शालिकनं कपाळावर हात मारला. "या घरात सगळ्याच मोठ्या माणसाइचे बोटं निळे आहेत! आता कसा सापडन चोर?"

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि चहासाठी आबाजी आत आले.

त्यांना पाहताच इशूच्या हातातला पेला पडला. पुष्पलतानं तोंडावर हात दाबला. आबाजींच्या पांढऱ्याशुभ्र, भरघोस मिशा निळ्या झाल्या होत्या! एक भुवई निळी, कानाची पाळी निळी, आणि टकलावर बोटांचे चार निळे ठसे!

"काय झालं बाप्पा?" आबाजींनी विचारलं, आणि सवयीनं मिशीवरून पुन्हा हात फिरवला. मिशी आणखी निळी झाली.

मग मात्र कुणालाच आवरेना. इशू जमिनीवर लोळला. आई पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. पण शालिकच्या डोक्यात अजून गोंधळ होता. "आबाजी, तुम्ही? तुम्ही काहून सोडल्या आमच्या गाठी?"

"कोणत्या गाठी?" आबाजी म्हणाले. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. चेहऱ्यावरून ते कळतच होतं.

पुष्पलताला मात्र एकदम उमगलं. तिनं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. मग पिवळा धागा आणून आबाजींच्या हातात ठेवला आणि त्यांच्याजवळ बसत विचारलं, "आबाजी, तुमचा माग कसा होता, सांगा ना."

"माग?" आबाजींचे डोळे उजळले. "सागाचा होता. माह्या बाबाचा. पहाटे धोटा सुरू झाला का गल्लीतल्या सगळ्या घरातून खटखट खटखट चालू होये. ज्याचा माग बंद, त्याच्या घरी लोक इचारायले जायचे, काय गा, बरं नाई काय म्हणून..."

आबाजी सांगत होते आणि सगळे त्यांच्या हातांकडे बघत होते. अंगठा धाग्यावरून हळू सरकला. गाठीशी थांबला. दोन बोटं जवळ आली, काहीतरी एवढंसं हललं, आणि गाठ नाहीशी! अंगठा पुढे सरकला. दुसरी गाठ. तीही गेली. आबाजींनी हाताकडे एकदासुद्धा पाहिलं नाही.

"आबाजी," पुष्पलता हळूच म्हणाली, "हात पाहा."

आबाजींनी पाहिलं. सपाट धागा पाहिला, निळी बोटं पाहिली, आणि त्यांना सगळं समजलं.

"अरे देवा! म्हंजे पोराइचे पैसे मीच..." आबाजी म्हणाले. "दुपारी डोक्याशी काहीतरी लोंबत राहते, हातात येते... मले समजलंच नाई. सुतात गाठ राहिली का मागाच्या फणीत अडकते, धागा तुटते, लुगड्याले दोष लागते. जन्मभर हेच केलं. आता माग नाई, पण हे हात मले इचारत नाईत गा, मधुकर."

बाबांचं हसू थांबलं. ते आबाजींच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले. या हातांनी विणलेल्या लुगड्यांवरच ते शिकले होते, कचेरीत लागले होते, आणि हे घर बांधलं होतं. माग विकून टाकला, पण या हातांनी आता काय करावं हे आपण कधी विचारलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"खुंटी कोणं ठोकली तिथं?" आईनं विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

"आणि पोट्टे तीन दिवस बोंबलून राहिले तं डोळे कोणं उघडले नाई?"

"मीच," बाबा म्हणाले. नियमाची भाषा केव्हाच गळून पडली होती. "चुकलं बाप्पा माहं! सगळ्याइच्या गाठी परत. आणि दंड म्हणून माह्याकडून एकेक गाठ जास्त!"

"हुर्रे!"

"गाठी मी मारून देतो," आबाजी म्हणाले आणि ताठ बसले. "विणकराची गाठ! पाहा कशी असते थे." त्यांची निळी बोटं भराभरा चालली. मिनिटाभरात चारही धागे तयार. गाठी इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसेनात!

"पण आबाजी, या तं आईले सापडनच नाई!" इशू म्हणाला.

"मले काय, कोणालेच नाई सापडणार," आई धागा चाचपत म्हणाली. "मेळ्यात अंधारात मी काय कापू?"

गोपिका टुणकन उडी मारून उभी राहिली. "मंग आबाजीले घेऊन चला! गाठ थेच शोधतीन, थेच सोडतीन, आन् काकू पैसे देईन! आबाजी म्हंजे आपली बँक!" मग ती बाबांकडे वळली. "आन् काकाजी, सगळ्याइले धागा भेटला. आबाजीचा धागा कुठी हाय?"

पोरांना किती द्यायचे यावर बाबांनी एवढा वाद घातला होता. म्हाताऱ्यालाही मेळ्यात काही घ्यावंसं वाटेल, हे घरात कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून एक पांढरा धागा काढला. त्याला स्वतःच्या हातानं आठ गाठी मारल्या, चांगल्या जाड्याभरड्या, आणि वडलांच्या हातात दिला.

"चला बाबा," ते म्हणाले. "तुम्ही नाई तं मेळा नाई."

आबाजी उठले आणि धोतर बदलायला गेले. निळ्या मिशा मात्र साबणानं धुवूनही तशाच राहिल्या.

काय मेळा झाला तो! आकाशपाळण्याजवळच्या बाकावर बँक उघडली. निळ्या मिशांचा बँकवाला पाहायला मेळ्यातली माणसंसुद्धा थांबत होती. पोरं धागा घेऊन येत, आबाजी डोळे मिटून अंगठा फिरवत, "हे पाहा, सापडली" म्हणत, आणि आई पैसे देई. इशू आगगाडीत बसला आणि पुन्हा पुन्हा बसला. पुष्पलतानं यंदा आल्या आल्या पहिली गाठ सोडवली आणि आरशासमोर उभी राहून पोट दुखेपर्यंत हसली. आणि शालिक रिंगांच्या दुकानाकडे न पाहता गोपिकासमोर येऊन उभा राहिला.

"मी तुले चोर म्हटलं. तू सांगशीन ते करतो."

"मंग बस माह्यासंगं," गोपिकानं वर बोट दाखवलं. "रहाटात!"

शालिकचे कान पांढरे पडले. "त्याले उंचीची भीती वाटते! एकदा जत्रेतल्या पाळण्यात ओकला होता!" इशूनं शेवटी गुपित फोडलंच. पण शब्द दिला होता. शालिक पाळण्यात चढला.

"थांबा पोट्टे हो," मागून आवाज आला. आबाजी पांढरा धागा आईसमोर धरून उभे होते. "इंदू, माही एक गाठ काप वं. मले बी वर जायचं हाय!"

पाळणा वर गेला. गोपिका आनंदानं किंचाळत होती, शालिक डोळे गच्च मिटून किंचाळत होता, आणि आबाजी मधे बसून दोघांचे हात धरून होते. अगदी टोकावर पाळणा थांबला. खाली सगळं शहर दिव्यांनी भरलं होतं.

"डोळे उघड गा, शालिक," आबाजी म्हणाले. "थो पाहा, तिकडं, थे दिवे दाट हायेत ना? थो आपला मोहल्ला. तिथं आपला माग होता."

शालिकनं एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि मग खाली उतरेपर्यंत मिटलेच नाहीत.

घरी परतताना रिक्षात बाबांनी पुष्पलताच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या डोक्यानं आज घर वाचवलं." मग गोपिकाकडे वळून म्हणाले, "आणि तुझ्या डोळ्यांनी. आमच्या घरातलं आम्हाले दिसलं नाई, ते तुले दिसलं. रामाजीले सांगतो, पोरगी भल्ली हुशार आहे!" आबाजींना ते म्हणाले, "बाबा, सोमवारी मोहल्ल्यात जाऊ. विणकरांकडं सुताचा गुंता पडून राहते, सोडवायले माणूस भेटत नाई त्याइले. तुम्ही पाहा जरा."

"पाहू ना," आबाजी म्हणाले. अंधारातही ते हसत आहेत हे कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पलता हळूच व्हरांड्यात डोकावली. खसच्या ताटीमागे आबाजी बाजेवर बसले होते. हातात तोच पांढरा धागा होता. इतर सगळ्या गाठी मेळ्यात खर्च झाल्या होत्या, एकच उरली होती, बाबांनी मारलेली, जाडीभरडी. आबाजींचा अंगठा धाग्यावरून फिरत होता. गाठीपाशी येत होता, थांबत होता, आणि पुढे जात होता.

"आबाजी, ही सोडली नाई?"

"नाई बाप्पा," आबाजी म्हणाले. "ही राहू दे."